बुवांसाठी बांधलेलं घर

मिस्त्री जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचं काम करीत. त्या कामाचा त्यांना भारी अभिमान होता आणि तो ते लपवीतही नसत. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या छपराचं दुकान, दारात पाय मोडलेल्या खुर्च्या, आत कपाटं आणि पलंग एकावर एक रचलेले. गिऱ्हाईक आलं की मिस्त्री आधी त्याच्या वस्तूवर बोटानं टकटक करून बघत आणि मग गिऱ्हाइकाची हजेरी घेत. "हे टेबल ओलीत कुणी ठेवलं? खिडकीखाली होतं ना? उगाच मान हलवू नका, मला दिसतंय." माणसं निमूट ऐकून घेत, कारण मिस्त्रींच्या हातून गेलेली वस्तू पुन्हा दुरुस्तीला येत नसे.

त्यांची एक रीत ठरलेली होती. जुनं लाकूड दुकानात आलं की सगळ्यात आधी त्याला वाळवीचं औषध पाजायचं. भोकाभोकांत सुईनं सोडायचं, सांध्यांत ब्रशनं चोपडायचं आणि मग उन्हात उभं करायचं. करवत, रंधा, पॉलिश हे सगळं त्यानंतर. मिस्त्री याला काम म्हणतच नसत. आपण जेवायच्या आधी हात धुतो, तसं ते. हात धुतले होते का, असं कुणी विचारलं तर आपल्यालाही आठवावं लागेल की नाही? बायको म्हणे, "अहो, तुमच्या सदऱ्याला नुसता त्या औषधाचा वास मारतो." मिस्त्री सदरा हुंगून बघत. इतक्या वर्षांत त्यांच्या नाकाला तो वास येईनासाच झाला होता.

अशा या घरात लग्न होऊन सून आली ती एका सरड्यासकट.

आता सरडा म्हटल्यावर कुंपणावर मान हलवत बसतो तेवढासा कुणी डोळ्यांपुढे आणू नये. हा चांगला कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब होता. अंगावर बोथट काटे आणि गळ्याखाली काटेरी दाढी. रागावला की ती दाढी फुगवून काळी करी. एरवी डोळे अर्धे मिटून तासन् तास एकाच जागी बसलेला, जणू जगाचा कारभार याच्याच शिरावर आहे. म्हणून सूनबाईनं त्याचं नाव ठेवलं होतं बुवा. कॉलेजात असताना एका मैत्रिणीनं तो तिला पिल्लू असतानाच दिला होता. तेव्हापासून तिनं त्याला हातावर वाढवलेला.

मिस्त्रींच्या बायकोनं तोंडावर पदर धरला. मिस्त्रींनी तर पहिल्याच दिवशी सुनावलं, "माणसांच्या घरात जनावर नको. त्याला मागच्या पडवीत ठेव." सूनबाईनं बुवांना आपल्या खोलीतच ठेवलं, कोपऱ्याला तडा गेलेल्या एका काचेच्या पेटीत. त्या पेटीत बुवा वळले की शेपूट काचेवर आपटे.

मुलगा बाहेरगावी कामाला होता, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येई. सूनबाई एका चष्म्याच्या दुकानात बसे. संध्याकाळी घरी आली की सासूला हातभार लावायची आणि मग आपल्या खोलीत जायची. एकदा मिस्त्री तिच्या खोलीची अडकलेली खिडकी तासायला म्हणून गेले. दार उघडंच होतं. सूनबाई खिडकीपाशी पाठमोरी बसली होती, खांद्यावर बुवा. ती बुवांना सांगत होती, आज एक आजोबा आले, त्यांना चष्मा हवा होता पण डोळे तपासून घ्यायचे नव्हते, म्हणत होते मला सगळं दिसतं, फक्त अंधुक दिसतं. सांगता सांगता ती हसली. बुवांनी एक डोळा मिटला.

मिस्त्री रंधा हातात घेऊन तसेच मागे फिरले. लग्नाला इतके महिने झाले होते आणि आपल्या घरात या मुलीला दिवस कसा गेला हे एका माणसानं विचारलं नव्हतं. सरडा ऐकत होता. मिस्त्रींना स्वतःची लाज वाटली. पण चुकलं असं तोंडानं म्हणायची त्यांना सवय नव्हती, त्यांना हातानं बोलायची सवय होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी कपात बघतच विचारलं, "त्या तुझ्या बुवांना किती जागा लागते?"

सूनबाईला आधी वाटलं आता घराबाहेर काढायची भाषा होणार. मग तिला उमगलं, आणि ती इतकी बोलायला लागली की मिस्त्रींचा चहा निवला. एका टोकाला ऊब हवी, दुसऱ्या टोकाला गारवा. ऊब द्यायला वरून दिवा. चढायला जाड फांदी. हवा खेळायला जाळी. आणि लांबी भरपूर, म्हणजे बुवांना पळता येईल. ते पळतात हे ऐकून मिस्त्रींना नवल वाटलं. शेवटी ती म्हणाली, "आणि बाबा, आतून रंग, पॉलिश असलं काही नको हं. त्यांना बाधतं."

"पॉलिशचा थेंब आत जायचा नाही," मिस्त्री म्हणाले. आणि हा शब्द त्यांनी अक्षरशः पाळला, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मग मिस्त्रींना कामाचा असा काही चेव आला की गिऱ्हाइकांच्या खुर्च्या तशाच पडून राहिल्या. एका शाळेनं टाकून दिलेलं पुस्तकांचं कपाट दुकानात धूळ खात पडलं होतं, वाळवीनं एक बाजू चाळणी केलेलं. ते आडवं पाडलं, पल्ले काढले, फळ्या उपटल्या, झाला सांगाडा. त्याला चार पाय दिले ते एका जेवणाच्या टेबलाचे, खाली गोल, वर नक्षीचे. पलंगाची डोक्याकडची फळी कापून तिची पाठ केली. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं जाळीचं फडताळ होतं, त्याची जाळी दोन्ही बाजूंना ठोकली. कपडे टांगायची दांडी दिवा लोंबवायला आत आडवी बसवली. खाली दोन खण तसेच ठेवले, एकात बुवांचे नाकतोडे, दुसऱ्यात बाकी सामान.

समोरून काच हवी होती. चांगल्या सरकत्या काचा घरातच होत्या, बायकोच्या कपांच्या शोकेसला.

"आणि माझे कप कुठं जायचे?" बायकोनं विचारलं.

"कप काय, कुठंही राहतात."

"हो ना. कप कुठंही राहतील, मी कुठंही राहीन. सरड्याला तेवढा महाल हवा." पण काचा दिल्या तिनं. कप वर्तमानपत्रात गुंडाळून खाटेखाली गेले. हा सल बाईंच्या मनात राहिला, तो पुढे निघायचा तसा निघाला.

महाल शब्द चुकीचा नव्हता. चौघांनी उचलून तो सूनबाईच्या खोलीत नेला तेव्हा दाराची चौकट दोनदा खरवडली. बुवांना आत सोडलं. ते आधी दाढी फुगवून बसले, मग फांदीवर चढले, मग खाली उतरून या टोकापासून त्या टोकापर्यंत खरोखरच पळाले. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा," ती म्हणाली, "माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं." मिस्त्री म्हणाले, "माझ्याकडे लाकूड पडूनच होतं," आणि खोकत बाहेर गेले.

त्यानंतर आळीतली माणसं महाल बघायला यायला लागली. मिस्त्री दुकान टाकून घरी येत आणि काचा सरकवून दाखवीत. सूनबाईनं मैत्रिणींना फोटो पाठवले, त्यात मिस्त्री बाजूला उभे, हात पाठीमागे. ती सगळ्यांना सांगायची, माझ्या बाबांनी बांधलंय. सासरे म्हणत नसे, बाबा म्हणायची.

आणि मग बुवांचं खाणं कमी झालं.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. नवी जागा आहे, रुळेल. मग नाकतोडा नाकासमोरून गेला तरी ते बघेनात. तोंड उघडं टाकून बसायला लागले. पुढचा एक पाय मध्येच थरथरे, जणू कुणी दोरीनं ओढतंय. आणि एका सकाळी फांदीवरून धपकन खाली पडले ते पाठीवर, आणि त्यांना सुलटंही होता येईना.

"दिवसभर दुकानात बसायचं आणि जनावर घरात कोंडून ठेवायचं," मिस्त्रींची बायको भाजी चिरता चिरता बोलली, अगदी ऐकू जाईल अशी. "जीव पाळायची हौस असली तर त्याला बघायलाही वेळ असावा लागतो."

सूनबाईनं उलट उत्तर दिलं नाही, कारण तिला स्वतःलाही तसंच वाटायला लागलं होतं. आपण दिवा कमी लावला का? पाणी बदलायला विसरलो का? बुवांना थंडी वाजत असेल असं तिला वाटलं. तिनं मोठा दिवा आणला. तो मिस्त्रींनीच दांडीला लावून दिला, लाकूड हातानं चाचपून. छान गरम होतंय, म्हणाले. बुवा आणखीच गळाले.

शेवटी सूनबाईनं रजा काढली आणि बुवांना टॉवेलात गुंडाळून टोपलीत घेतलं. मिस्त्री तिच्याबरोबर निघाले. मुलगी एकटी कशी जाणार, असं म्हणत निघाले, पण खरं सांगायचं तर बुवांचा त्यांनाही लळा लागला होता. जनावरांच्या डॉक्टरीणबाई वयानं अगदी तरुण होत्या, मिस्त्रींच्या मुलाहून लहान असतील. त्यांनी बुवांना टेबलावर घेतलं, तोंड उघडून बघितलं, थरथरता पाय बोटांत धरून ठेवला. खायला काय देता, दिवा कुठला, किती वेळ, पाणी कसलं, एकेक विचारत गेल्या. सूनबाई शाळेतल्या मुलीसारखी उत्तरं देत होती.

"राहतो कशात?"

"लाकडाचं घर आहे, मोठं. बाबांनी स्वतः बांधलंय," सूनबाई म्हणाली. तेवढ्या काळजीतसुद्धा तिचा आवाज जरा वर चढला.

डॉक्टरीणबाई मिस्त्रींकडे वळल्या. "लाकडाला काही लावलंय का? रंग, पॉलिश, किडीचं औषध वगैरे?"

त्या क्षणापर्यंत मिस्त्रींना ते आठवलंच नव्हतं. सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं: शाळेचं कपाट उन्हात उभं आहे, हातात सुई, चाळण झालेल्या बाजूला औषध सुटतंय, एकदा पाजून झालंय आणि वाळवी जास्त म्हणून पुन्हा पाजताहेत. कपाटाला, पलंगाच्या फळीला, टेबलाच्या पायांना. आणि वरून दिवा. लाकूड तापवणारा दिवा. पॉलिशचा थेंब आत गेला नव्हता. औषधाला त्यांनी कधी लावण्यातली वस्तू मानलंच नव्हतं.

एक शब्द बोलायचा होता. हो, एवढाच. पण समोर ती पांढऱ्या कोटातली पोरगी पेन धरून बघत होती, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला आपण आपल्याच घरातल्या जिवाला विष पाजलं हे तिच्यासमोर कबूल करायचं होतं. इतकी साधी गोष्ट कशी नाही समजली हो तुम्हाला, असं ती म्हणणार. निदान तसं बघणार.

"नाही," मिस्त्री म्हणाले.

"काहीच नाही?"

"साधं लाकूड आहे. जुनं, वाळलेलं."

"बाबा फार काटेकोर आहेत," सूनबाईनं पुस्ती जोडली. "मी पॉलिश नको म्हटलं होतं, त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही."

मिस्त्रींनी खाली मान घातली. डॉक्टरीणबाईंना वाटलं असेल, माणूस लाजाळू आहे.

मग दोष कुठं राहिला? सूनबाईवर. डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या, पण स्पष्ट बोलत होत्या. खाण्यात काहीतरी कमी पडतंय, दिवा चुकीचा असेल, या प्राण्यांना लक्ष फार लागतं, हौस म्हणून पाळून चालत नाही. चूर्ण लिहून दिलं आणि ऊब कमी पडू देऊ नका म्हणून बजावलं. सूनबाई प्रत्येक वाक्याला हो म्हणत होती. परतीच्या वाटेवर टोपली मांडीवर घेऊन ती एवढंच बोलली, "माझंच चुकलं बाबा." आणि मिस्त्रींनी, ज्यांना गिऱ्हाइकांसमोर कधी शब्द कमी पडला नाही, त्यांनी बसच्या खिडकीबाहेर बघितलं.

इथं मिस्त्रींचा राग यावा असंच आहे, आणि येऊ द्यावा. कारण घरी आल्यावर बुवा पुन्हा त्याच महालात गेले.

मिस्त्रींनी खटपट केली नाही असं नाही. म्हणाले, "आज त्याला बाहेरच राहू दे, मोकळी हवा लागेल." सूनबाई म्हणाली, "नको बाबा, ऊब कमी पडू द्यायची नाही म्हणाल्यात." खरं सांगितलं असतं तर दोन वाक्यांत काम झालं असतं. ते न सांगता मिस्त्रींनी ड्रिल आणलं आणि पाठीला आणखी भोकं पाडून दिली, हवेसाठी म्हणून. सूनबाईनं त्याचेही आभार मानले. काचा जरा उघड्या राहाव्यात म्हणून खाचेत पाचर मारली आणि काच अडकतेय, नंतर बघतो, असं सांगितलं. म्हणजे बुवाही वाचावेत आणि आपणही वाचावं. दोन्ही एकदम साधत नव्हतं, आणि मनातल्या मनात ते कुणाला आधी वाचवत होते हे त्यांचं त्यांना माहीत होतं.

दुकानात औषधाचा डबा फळीवरच होता. मिस्त्रींनी तो उघडून नाकाशी धरला. काही वास आला नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका बाईंनी दुरुस्तीला आणलेली खुर्ची समोर होती, तिच्यावर त्यांनी टकटक केली, पण बोलायला तोंड उघडेना. "काय मिस्त्री, आज बोलणी नाहीत का?" बाई हसत म्हणाल्या. मिस्त्रींनी खुर्ची आत ठेवून घेतली.

घरात बायकोचं चालूच होतं. चार दिवस काळजी घेतली की संपली हौस. माझ्या शोकेसचा तेवढा सत्यानाश झाला. मिस्त्री एकदा तिच्यावर खेकसले, "तिला बोलू नकोस." बायकोनं विचारलं, "मग कुणाला बोलू?" मिस्त्री पायात चपला सरकवून बाहेर पडले.

रविवारी सकाळी सूनबाई स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ. सासूला म्हणाली, "आई, तुमचं खरं होतं. मला नाही जमत. माझ्या हातून मरण्यापेक्षा दुसऱ्या कुणाकडे तरी जगतील. मैत्रिणीला फोन केलाय, ती दुपारी येऊन बुवांना घेऊन जाईल."

सासूबाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. बोलणं सोपं होतं, हे ऐकणं सोपं नव्हतं.

मिस्त्री जमिनीवर बसले होते, मोडका पाट ठोकायला घेतला होता तो मांडीवर. आणि त्यांना काय वाटलं असेल? त्यांना हायसं वाटलं. बुवा त्या महालातून बाहेर पडतील, दुसरीकडे बरे होतील, कुणाला काही कळणार नाही, मिटलं. एक क्षणभर त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि सून आपली एकुलती एक सोबत देऊन टाकायला निघाली होती त्या क्षणी आपल्याला हायसं वाटलं, हे त्यांना पुढे कधी विसरता आलं नाही.

मग सूनबाई म्हणाली, "आणि बाबा, घरही बुवांबरोबरच देते. तुम्ही एवढ्या प्रेमानं बांधलंय. ते त्यांचं आहे."

मिस्त्रींनी हातातली हातोडी खाली ठेवली.

"ते देऊ नकोस."

"तुम्हाला हवंय का? माझ्या लक्षातच—"

"नको. मला नको. त्याला पण नको. त्यात औषध आहे, पोरी. वाळवीचं. मीच पाजलंय, दोन-दोनदा. दिव्यानं लाकूड तापतं आणि ते बाहेर येतं. त्याला दुसरं काही झालेलं नाही. तुझं काही चुकलेलं नाही."

मग सूनबाईनं हळूच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

इथंही खोटं बोलायला जागा होती. आत्ता, असं म्हणता आलं असतं. ते तोंडावर आलंही होतं.

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हाच," मिस्त्री म्हणाले.

सूनबाई त्यांच्याकडे बघत राहिली. वळली, खोलीत गेली, बुवांना उचलून आणलं आणि न्हाणीघरात कोमट पाण्याच्या घमेल्यात धरून त्यांचं अंग चोळून चोळून धुवायला लागली. एका हातानं तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिनं ओल्या हातानं फोन मिस्त्रींसमोर धरला. "औषधाचं नाव विचारताहेत. सांगा."

मिस्त्रींनी नाव सांगितलं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"ताबडतोब घेऊन या," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला. मिस्त्रींना बोलणी खायची होती. तीही मिळाली नाहीत.

या वेळी सूनबाईबरोबर सासूबाई गेल्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. टोपली त्यांनीच उचलली, आणि ज्या बाईनं पहिल्या दिवशी तोंडावर पदर धरला होता, तिनंच वाटेत बुवांवर ऊन लागू नये म्हणून तो पदर धरला. मिस्त्री घरीच राहिले. त्यांनी एकट्यानं तो महाल उभा फोडला. सांधे इतके चांगले जमले होते की सुटेनात. लाकूड जाळायचीही सोय नव्हती, धूर कुणाच्या तरी नाकात जाणार. मैत्रीण दुपारी आली ती दारातूनच परत गेली. बुवा कुठं आहेत आणि का, हे तिला मिस्त्रींनीच सांगितलं, चौकट धरून.

बुवा बरेच दिवस दवाखान्यात राहिले आणि मग परत आले. जगले. पुढचा उजवा पाय अजून थरथरतो, फांदीवर चढताना घसरतो. त्याला इलाज नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सूनबाई मिस्त्रींशी नीट वागायची. जेवायला वाढायची, चष्मा पुसून द्यायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची. फक्त आपणहून काही सांगायची नाही. मिस्त्रींनी एकदोनदा विचारून बघितलं, "आज दुकानात कोण कोण आलं?" ती म्हणाली, "नेहमीचेच."

मग एका सुट्टीच्या दिवशी ती मिस्त्रींच्या दुकानात येऊन उभी राहिली. मिस्त्री उठले.

"बाबा, मला एक विचारायचंय. त्या दिवशी तुम्ही खरं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं असं वाटलं तुम्हाला?"

मिस्त्रींनी हातातली करवत खाली ठेवली. "तुझी भीती नव्हती," ते म्हणाले. "तुझा विचारच आला नाही मनात. त्या डॉक्टरीणबाईंसमोर मला अडाणी ठरायचं नव्हतं."

"त्या बाईंना तुम्ही आधी कधी पाहिलंही नव्हतं."

"नव्हतं."

सूनबाई खाली पडलेला लाकडाचा भुसा पायानं सारखा करत राहिली. मग म्हणाली, "जुनी पेटी त्यांना पुरत नाही. पुन्हा बांधून द्याल?"

"विकत आण. तयार मिळतात. माझ्या हातचं नको आता."

"मला तुमच्या हातचंच हवंय," ती म्हणाली. "पण मी इथं बसणार. सगळं होईपर्यंत."

आपल्या कामावर कुणी नजर ठेवलेली मिस्त्रींना उभ्या आयुष्यात खपली नव्हती. त्यांनी एक स्टूल पुढे ओढलं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

नवं लाकूड आलं. सुट्टीच्या दिवशी ती यायची आणि बसायची. बोलणं फारसं व्हायचं नाही. डब्यातलं, बाटलीतलं काहीही वापरायचं झालं, साधा गोंदसुद्धा, की मिस्त्री तो डबा आधी तिच्यापुढे धरीत. ती वरचं सगळं वाचायची, न समजलं तर फोन करून विचारायची, आणि मगच ते झाकण काढीत.

असंच एकदा चाललेलं असताना त्या खुर्चीवाल्या बाई आल्या. बघून त्यांना गंमत वाटली. "हे काय मिस्त्री? तुमच्या कामावर आता देखरेख लागायला लागली का?"

"नाही हो," सूनबाई घाईनं म्हणाली, "मी आपली सहजच बसलेय."

"सहज नाही बसलेली," मिस्त्री म्हणाले. "लागते देखरेख. हिच्या जनावराला माझ्या हातून विष गेलं, आणि डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी तोंडावर नाही म्हणालो."

बाईंचं हसू तसंच विरलं. त्यांनी खुर्चीबद्दल काहीतरी विचारलं आणि त्या गेल्या. मिस्त्रींचे कान लाल झाले होते. त्यांनी गोंदाचा डबा पुन्हा सूनबाईपुढे धरला, आणि ती सगळी अक्षरं वाचेपर्यंत तो तसाच धरून उभे राहिले.